उलट्या अक्षरांचे क्रूस : एका रूढ मताचें परीक्षण

मध्ययुगीन ख्रिस्ती पदकांविषयीं लिहितांना 'बिझन्टाईन' हें विशेषण इतक्या सैल हातानें वापरलें जातें कीं, वस्तु घडविणारा कोण, हा मुख्य प्रश्नच त्याखालीं झांकून जातो. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यासंबंधीं एकाच मताचा विचार करणार आहों.

इ. स. ९८८ च्या सुमारास राजा व्लादिमीर यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कीव्हच्या राज्यांत दुपदरी क्रूस गळ्यांत घालण्याचा प्रघात पडला. ग्रीक भाषेंत त्यास एन्कोल्पिऑन, म्हणजे उरावरील वस्तु, म्हणतात. दोन पोकळ पाकळ्या बिजागरीनें जोडून आंत पवित्र अवशेष ठेवीत. आपल्याकडील ताइताची पेटी डोळ्यांपुढें आणली म्हणजे पुरे. नमुना पूर्व रोमन साम्राज्यांतला, हें निर्विवाद आहे.

यांपैकीं कांहीं ओतीव क्रूसांवर देवमातेचें साहाय्य मागणारीं स्लाव्ह अक्षरें आरशांत पाहावीं तशीं उलटीं उमटलीं आहेत. मोंगलांनीं १२४० च्या डिसेंबरांत कीव्ह जिंकलें. त्यापूर्वीं भयभीत नगरांत ओताऱ्यांनीं घाईनें साचे कोरले, साच्यांत अक्षरें सुलटीं कोरल्यामुळें वस्तूवर तीं उलटीं आलीं, असें त्याचें स्पष्टीकरण देण्यांत येतें. कथा चित्तवेधक खरी. पण आम्हांस ती मान्य करवत नाहीं.

मोर्तबाचे शिक्के हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, शिक्का कोरणारा अक्षर उलटें कोरतो तें सवड असते म्हणून नव्हे. तो त्या धंद्याचा पहिलाच पाठ होय. भयानें हात कांपेल, रेघ चुकेल. सबंध ओळ निमूटपणें सुलटी कोरली जाणार नाहीं. ती तशी कोरली गेली याचा अर्थ इतकाच कीं, कोरणारास अक्षर ही केवळ आकृति होती. पुढील नमुना पाहून त्यानें ती वेलबुट्टीप्रमाणें साच्यांत उतरली. परका नमुना स्थानिक हातीं आला म्हणजे नेमकें काय होतें, तें येथें दिसतें. ग्राहकानेंही तक्रार केलेली दिसत नाहीं!

साहाय्याची याचना हाही संकटाचा पुरावा नव्हे. चेर्निगोव्हजवळ १८२१ सालीं सांपडलेल्या सुवर्णपदकावर एकीकडे देवदूत मायकेल व दुसरीकडे सर्पवेष्टित मस्तक असून, ग्रीक लेखांबरोबरच 'प्रभो, आपला दास वासिली यास साहाय्य कर' अशा अर्थाची स्लाव्ह प्रार्थना आहे. तें पदक व्लादिमीर मोनोमाख (मृत्यु ११२५) याचें मानतात, कारण त्याचें बाप्तिस्म्याचें नांव वासिली. पहिल्या व्लादिमीराचेंही तेंच होतें, हें येथें सहज सुचवून ठेवतों. तें कसेंही असो, अशी याचना वेढ्यावांचूनही होत असे.

कालनिर्णयाची अडचण याहून मोठी आहे. तयार क्रूस मातींत दाबून नवा साचा करतां येतो. त्यांत सुलटें सुलटेंच राहतें आणि उलटें उलटेंच. जुन्या क्रूसांवरून अशीं पुनरोतकामें पुढें कित्येक शतकें चाललीं. तेव्हां उलटीं अक्षरें दिसतांच '१२४०' अशी चिठ्ठी लावून क्रूस संग्रहांत ठेवणें म्हणजे नकलेवरून मूळ पत्राची तारीख ठरविण्यासारखें आहे. आणि नकलेची तारीख तर त्याहून अंधारांत राहते.

मात्र ओतलेला धातु निवतांना किंचित् आकसतो, म्हणून नकलेची नकल मूळापेक्षां लहान आणि तिचे कंगोरे बोथट होतात. संग्राहकांनीं आपापल्या क्रूसांची लांबी, रुंदी, वजन व बिजागरीची घडण नोंदवून प्रसिद्ध केली, तर एकाच साच्याचीं घराणीं लावतां येतील. नुसतीं छायाचित्रें त्या कामीं उपयोगाचीं नाहींत.