डॉ. आंबेडकरांचें अर्थशास्त्र व आपले वतनी कागद

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्राचे दोन तुकडे पाडण्याची चाल पडली आहे. १९१८ पासून १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक हा एक. १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें सांभाळणारे व १९४७ पासून १९५१ पर्यंत स्वतंत्र हिंदुस्थानचे कायदेमंत्री हा दुसरा. पहिला विद्वत्तेचा, दुसरा राजकारणाचा, असें म्हणून चरित्रकार मोकळे होतात. ही वांटणी कागदांस धरून नाहीं, असें आमचें मत आहे.

१९१८ सालीं त्यांनीं लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकडे सांधून दारिद्र्य हटणार नाहीं. जमिनीवर माणसें फार व भांडवल थोडें हें मूळ दुखणें, व उद्योगधंद्यांची वाढ हा उपाय, असा त्यांतील सिद्धान्त. पुढें मजूरखात्याकडून दामोदर खोऱ्यांतील पाणी व वीज यांच्या योजनेंत त्यांनीं लक्ष घातलें, त्याचें बीज येथें आहे. रुपयावरील १९२३ च्या ग्रंथांतही तीच दृष्टि आहे. केन्स यांनीं १९१३ सालीं उचलून धरलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीनें रुपये पाडण्याची मुभा सरकारच्या हातीं राहते व महागाईचा भार गरिबावर पडतो, हा त्यांचा आक्षेप. प्रो. कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली, पण आपला मतभेद लपविला नाहीं.

आतां न्यून. कंपनीच्या जमाखर्चावरील १९१५ चा प्रबंध व प्रांतिक वसुलावरील १९२५ चा ग्रंथ हे मुख्यतः छापील सरकारी अहवालांवर उभे आहेत. मराठी दप्तरांतील ताळेबंदांशीं त्यांची गांठ घालून देणें हें काम आपलें होतें; तें आपण केलें नाहीं. वतनाची सनद हातीं येतांच आपण तिथि, शिक्का व मोर्तब पाहतों. १९२८ सालीं महार वतनासंबंधीं व १९३७ सालीं खोतीविरुद्ध बिल आणतांना डॉक्टरांनीं निराळेंच विचारलें: काम किती, मोबदला किती, आणि तें काम सोडण्याची मोकळीक आहे काय?

भिवंडींत हा प्रश्न जुना झालेला नाहीं. शेती सोडून आलेलीं माणसें येथें मागावर उभीं राहिलीं. १९१८ चा सिद्धान्त तितक्यापुरता खरा ठरला. परंतु आठवड्याचे ४८ तास ठरविणारी दुरुस्ती १९४६ सालीं झाली, आणि १९४८ च्या कायद्यानें विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा मजुरांची अट घातली. त्या संख्येखालीं राहिलेल्या कित्येक शेडींत पाळी बारा तासांचीच चालली. प्राध्यापकाचें निदान बरोबर होतें; मंत्र्याचें औषध या उंबऱ्याशीं थबकलें.

म्हणून संग्राहकांस विनंति ही कीं, सनदांबरोबर मागवाल्यांच्या हजेरीवह्या, उचलीचीं खातीं व खाणावळींचे हिशेबही जपावे. पुढील संशोधकास त्या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यांतूनच काढावीं लागतील.