अमरावतीचा परकोट : सुशोभीकरण आणि संवर्धन यांतील अंतर

प्रस्तावना : वऱ्हाडातील ऐतिहासिक वास्तूंची चर्चा बहुधा गाविलगड, नरनाळा अशा किल्ल्यांपुरती मर्यादित राहते. नागरी वस्तीच्या मध्यभागी उभा असलेला अमरावतीचा परकोट मात्र रोजच्या पाहण्यातला असल्यामुळेच दुर्लक्षित राहिला आहे. या दुर्लक्षामागे निधीच्या अभावाइतकीच संवर्धनाची अपुरी कल्पनाही कारणीभूत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कापसाच्या व्यापारामुळे संपन्न झालेल्या अमरावतीचे पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे, या हेतूने निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये या परकोटाचे बांधकाम सुरू झाले. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल आणि उंची 20 ते 26 फूट होती. त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या. खुनारी खिडकीजवळच्या एका चकमकीत सुमारे सातशे माणसे मारली गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. म्हणजेच हा परकोट राजवैभवाचे स्मारक नसून व्यापारी पेठेच्या भयाचा आणि समृद्धीचा दस्तऐवज आहे.

विवेचन : जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावे आज पत्ता सांगण्यासाठी वापरली जातात. दरवाजा टिकला म्हणजे परकोट टिकला, असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः परकोटाचा अर्थ त्याच्या सलगतेत आहे. मधली भिंत नष्ट झाली की दरवाजा केवळ चौकातील कमान ठरतो. अशा कमानीला रंग देणे, दिवे लावणे हे सुशोभीकरण होय. त्यास संवर्धन म्हणता येत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल बाहेर पडत नाही आणि चुना व दगड यांची झीज वाढते. म्हणजे दुरुस्तीच हानीस कारण ठरते. जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापना थांबली पाहिजे, हे 1964 च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व येथे विशेष महत्त्वाचे आहे. पडलेल्या भिंतीच्या जागी जुन्यासारखी दिसणारी नवी भिंत उभारणे म्हणजे इतिहासाची नक्कल करणे होय.

याच 1807 साली पूर्ण झालेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्याशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 च्या आगीत जळालेला भाग पुन्हा बांधला गेला. पुढे सरकारी आणि नगरपालिकेची कार्यालये तेथे आली. उपयोगामुळे वाडा जगला. परकोटाला असा उपयोग नाही, कारण भिंतीला दालने नसतात. तिला लागून राहणारी माणसे हाच तिचा एकमेव सजीव आधार आहे.

कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. 2010 च्या सुधारणेनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे आणि जुन्या घराच्या दुरुस्तीसही परवानगी लागते. एकाकी मंदिरासाठी हे माप योग्य आहे. पण मैलोगणती वस्तीतून जाणाऱ्या भिंतीला तेच लावल्यास पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा रहिवासी केवळ अतिक्रमक ठरतो. ज्याला वारसा म्हणजे नोटीस असे वाटते, तो भिंतीचा दगड निखळताना पाहूनही गप्प राहतो.

निष्कर्ष : परकोटाचे संवर्धन दरवाजापासून नव्हे, तर भिंतीच्या संपूर्ण रेषेच्या मोजणीपासून सुरू झाले पाहिजे. कोणता भाग उभा आहे, कोणता घरांच्या आड गेला आहे आणि कोणता नाहीसा झाला आहे, याची नोंद रहिवाशांना सोबत घेऊन करणे ही पहिली पायरी होय. इतिहास, भूगोल व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. धामणगाव रेल्वेसारख्या गावालाही ते लागू पडते. यवतमाळचा कापूस ज्या स्थानकावर येत असे, त्या स्थानकाभोवती वाढलेल्या या पेठेला परकोटाची गरज पडली नाही. तिचा इतिहास जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये आणि व्यापाऱ्यांच्या घरांत आहे. त्याची नोंद वास्तू उभ्या असतानाच होणे आवश्यक आहे.