कागदाची कड काय सांगते? डार्ड हंटर वाचताना

जुना कागद हातात आला की नजर आधी कडेवर जाते. कड पातळ, वेडीवाकडी दिसली की आपण लगेच म्हणतो, ‘हातकागद!’ संशोधनाच्या तयारीत असाल तर ही घाई आत्ताच सोडा. त्यासाठी डार्ड हंटर या अमेरिकन अभ्यासकाचा ‘पेपरमेकिंग’ हा ग्रंथ (१९४३, सुधारित आवृत्ती १९४७) जरूर वाचा. मात्र डोळे उघडे ठेवून वाचा.

हंटरचं बळ हे, की तो अवजारापासून सुरुवात करतो. ‘ओल्ड पेपरमेकिंग’ (१९२३) या पुस्तकासाठी त्याने छपाईचे खिळे स्वतः ओतले. त्यामुळे त्याच्याकडून कड वाचायला शिकता येतं. युरोपात तारेच्या ताठ साच्यावर सुटी लाकडी चौकट बसवत. तिचं नाव डेकल. साचा हौदातून वर काढला की थोडा लगदा चौकटीखाली झिरपतो आणि चारही बाजूंना पातळ कड येते. ती कुणी मुद्दाम केलेली नसे. पुस्तक बांधताना ती बऱ्याचदा कापूनच टाकत. पुढे यंत्राचा कागद स्वस्त झाला आणि तीच कड मिरवायची गोष्ट झाली. मग काय, यंत्राच्या कागदालाही पाण्याच्या झोताने किंवा फाडून तशी कड आणू लागले!

आता उलटी बाजू बघा. भारतात गवताच्या काड्यांची, गुंडाळता येणारी चटई लाकडी चौकटीवर पसरून कागद काढत. नंतर त्याला खळ लावायची, दगडाने घोटायचं, कडा कापायच्या. म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदाची कड सरळ दिसली म्हणून तो यंत्राचा ठरत नाही. कागद उजेडासमोर धरा, काड्यांच्या रेषा शोधा. पण अशा रेषा यंत्रावरही उमटवता येतात. तेव्हा एका खुणेवर काहीच ठरवू नका. तंतू, खळ, घोटाई, सगळं एकत्र बघा.

हंटरशी माझा वाद आहे तो इथेच. दक्षिण चीनमध्ये त्याला विसाव्या शतकात कापडाचा साचा वापरात दिसला. त्यावरून चीनमधला सर्वांत पहिला साचाही तसाच असावा, असं तो मांडतो. तर्क चांगला आहे, पण मधल्या शतकांत कारागिरांनी काहीच बदललं नाही, हे त्यात गृहीत धरलंय. आज चालू असलेलं अवजार प्राचीन अवजाराचा थेट पुरावा होत नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्याने जोडलेलं, या दोन गोष्टी वाचताना वेगळ्या ठेवा.

तुमच्या टिपणवहीतही हेच करा. एका रकान्यात ‘कड पातळ, चारही बाजूंना’ एवढंच लिहा. ‘हातकागद’ हा शब्द शेजारच्या रकान्यात, कारणांसकट. मार्गदर्शक ‘कशावरून?’ विचारतील, तेव्हा हा दुसरा रकाना कामाला येतो.