मृत्यूंचा अंदाज आणि विश्वास अंतरालाची मर्यादा : इराकमधील पाहण्यांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

ज्या देशात नागरी नोंदणी विश्वासार्ह असते तेथे मृत्युदर काढणे फारसे अवघड नसते. प्रश्न उभा राहतो तो नोंदणी कोलमडलेल्या देशात. तेथे संशोधकाला काही घरे निवडून दारोदार विचारावे लागते आणि मिळालेल्या उत्तरांवरून संपूर्ण देशाविषयी विधान करावे लागते. अशा अंदाजासोबत ९५ टक्के विश्वास अंतराल देण्याचा प्रघात आहे. हे अंतराल कोणती अनिश्चितता मोजते आणि कोणती मोजत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात २००३ नंतरच्या इराकमधील मृत्यू-पाहण्यांच्या आधारे केला आहे. या पाहण्यांवर विपुल लेखन झाले. परंतु त्यातील बरीचशी चर्चा अंतरालाच्या रुंदीभोवतीच फिरत राहिली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२००४ ची पाहणी :

अमेरिकी व इराकी संशोधकांनी सप्टेंबर २००४ मध्ये ३३ ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी ३० कुटुंबांची पाहणी योजली. तिचे निष्कर्ष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आक्रमणापूर्वीचा मृत्युदर कायम राहिला असता तर जितके मृत्यू झाले असते त्याहून ९८,००० मृत्यू अधिक झाले, असा अंदाज होता. अंतराल होते ८,००० ते १,९४,०००. या रुंदीची टीकाकारांनी थट्टा केली. जणू ८,००० आणि ९८,००० या दोन्ही संख्या सारख्याच संभवनीय आहेत, असे गृहीत धरले गेले. हा सरळसरळ वाचनदोष होय, आणि तो आपल्या पदवी वर्गांतही नित्य आढळतो. अंतरालाच्या कडांपेक्षा मध्याजवळच्या संख्यांना आधारसामग्री अधिक पाठिंबा देत असते. शिवाय रुंदीचे कारण नमुना निवडीच्या रीतीतच होते. शेजारशेजारची तीस घरे म्हणजे तीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. एकाच हल्ल्याची झळ त्यांतील अनेकांना एकदम पोहोचते. फलुजा शहरातील एकाच ठिकाणी एकूण हिंसक मृत्यूंपैकी दोन-तृतीयांश आढळले. संशोधकांनी ते ठिकाण मुख्य अंदाजातून वगळले व तसे स्पष्टपणे नमूद केले.

एकच काळ, दोन उत्तरे :

ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी पाहणी मोठी होती : ४७ ठिकाणे, १,८४९ कुटुंबे, १२,८०१ व्यक्ती. अतिरिक्त मृत्यू ६,५४,९६५ आणि अंतराल ३,९२,९७९ ते ९,४२,६३६. (साडेपाच लाख रुंदीच्या अंतरालात एककस्थानचा पाच छापण्याचे प्रयोजन काय, हे कळणे कठीण आहे.) इराकची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख धरली, तर नमुन्यातील प्रत्येक व्यक्ती सुमारे दोन हजारांच्या वतीने बोलत होती. म्हणजे चुकून शिरलेला किंवा सुटलेला एक मृत्यू राष्ट्रीय आकडा दोन हजारांनी हलवितो.

त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने इराक सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. ९,३४५ कुटुंबांवर आधारित या पाहणीने जून २००६ पर्यंतच्या हिंसक मृत्यूंची संख्या १,५१,००० ठरविली. अंतराल १,०४,००० ते २,२३,०००. वृत्तपत्रांनी हा आकडा ६,५४,९६५ शेजारी ठेवला. ही तुलनाच चुकीची होती, कारण पहिला आकडा केवळ हिंसक मृत्यूंचा आणि दुसरा सर्व कारणांनी झालेल्या अतिरिक्त मृत्यूंचा होता. योग्य तुलना लॅन्सेटच्या ६,०१,०२७ हिंसक मृत्यूंशी करावी लागते. त्यांचे अंतराल ४,२६,३६९ ते ७,९३,६६३ होते.

योग्य तुलना केल्यावरही दोन अंतराले एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. केवळ योगायोगाने एवढी तफावत पडणे अत्यंत असंभाव्य आहे. निदान एका पाहणीत अशी त्रुटी आहे जी तिच्या अंतरालात शिरलेलीच नाही. अंतराल मुख्यत्वे नमुना त्रुटी सांगते. प्रत्येक घर निवडले जाण्याची संभाव्यता ज्ञात आहे आणि दार उघडणारा खरे बोलतो, या दोन गृहीतकांवर ते उभे असते.

लॅन्सेटच्या पाहणीत पहिले गृहीतक वादग्रस्त ठरले. मुख्य रस्ता, त्याला छेदणारा निवासी रस्ता आणि मग घर, असा निवडीचा क्रम प्रसिद्ध झाला होता. बॉम्बस्फोट वर्दळीच्या रस्त्यांवर अधिक होतात. तेव्हा त्यांच्या जवळची घरे नमुन्यात प्रमाणाबाहेर आली असावीत, असा आक्षेप घेतला गेला. संशोधकांनी तो नाकारला. मात्र पद्धतीचा मूलभूत तपशील देण्यास नकार दिल्याबद्दल अमेरिकेतील लोकमत-संशोधकांच्या संघटनेने २००९ मध्ये प्रमुख संशोधकावर ठपका ठेवला. सरकारी पाहणीही निर्दोष नव्हती. असुरक्षिततेमुळे तिची ११५ ठिकाणे पाहिलीच गेली नाहीत. तेथील आकडे प्रामुख्याने वृत्तांवर आधारलेल्या गणनेतील प्रमाणावरून भरले गेले. आक्रमणापूर्वीचा मृत्युदर तिने हजारी ३.१७ दाखविला, तर लॅन्सेटने ५.५. इतका कमी दर पाहता कुटुंबांनी बरेच मृत्यू सांगितले नसावेत असे मानावे लागते. लेखकांनी त्यासाठी दुरुस्ती केलीही. पण सरकारी खात्याच्या माणसापुढे कोणते मृत्यू अधिक लपविले जातील, हे कोणतेही सरसकट गुणक सांगू शकत नाही.

सुटलेले मोजण्याची रीत :

अशा नमुनेतर त्रुटीचे मापन करण्याचा एक मार्ग भारतीय अनुभवातून निघाला आहे. सी. चंद्रशेखर व डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये बंगालमधील सिंगूर येथील आधारसामग्री वापरून दुहेरी नोंदीची रीत मांडली. निबंधकाची यादी आणि स्वतंत्र पाहणीची यादी नावानिशी जुळवायची. केवळ पहिलीत सापडलेले आणि केवळ दुसरीत सापडलेले यांच्या गुणाकाराला दोन्हींत सापडलेल्यांनी भागले की दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज मिळतो. आपल्या नमुना नोंदणी पद्धतीतही सततची नोंद आणि सहामाही पाहणी यांची जुळणी याच विचाराने केली जाते. दोन याद्या परस्परांपासून स्वतंत्र असणे ही तिची अट आहे. दोन्हींकडे गप्प राहणारे कुटुंब तिच्याही हाती लागत नाही.

इराकमध्ये या रीतीला वाव होता काय? २००६ च्या पाहणीत ज्या मृत्यूंचे दाखले मागितले गेले त्यांपैकी ९२ टक्के मृत्यूंचे दाखले कुटुंबांनी दाखविले. हे खरे असेल तर लाखो दाखले दिले गेले असले पाहिजेत आणि त्यांच्या प्रती कोठेतरी असल्या पाहिजेत. मध्यवर्ती आकडे मात्र त्यांच्या जवळपासही जात नव्हते. नमुन्यातील काही शे मृत्यू स्थानिक नोंदवह्यांशी ताडून पाहिले असते तर वाद बऱ्याच अंशी मिटला असता. परंतु ताडणीसाठी नाव लागते. नाव नोंदविल्यास सांगणाऱ्याच्या जिवाला धोका होता. म्हणूनच पाहणीच्या मंजूर आराखड्यात नावे टिपण्यास परवानगी नव्हती. काही अर्जांवर नावे टिपली गेल्याचे उघड झाल्यावर विद्यापीठाने २००९ मध्ये प्रमुख संशोधकावर कारवाई केली.