मागे तोंड असलेली मशीनगन

युद्धावरच्या मराठी लेखनात रणगाडा बहुतेक वेळा पुढे तोंड करूनच येतो. त्याला तोफ असते, सोबत 'मशीनगनही' असते. ती नेमकी कुठे बसवली आहे, कोण चालवतो, तिला गोळ्या कशा पुरवतात, हे विचारण्याची गरज लेखकाला वाटत नाही. हा दोष दाखवण्यासाठी मी माझाच एक जुना लेख पुढे घेतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्या महायुद्धाची दिसणारी खूण एकच, १९४० साली इंग्रजांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी. न दिसणारी खूण म्हणजे युद्धावरून परतलेली माणसे. आमच्या गावी असे एक गृहस्थ होते. सारे त्यांना आबाजी म्हणत. ते मलायात फौजेची लॉरी चालवत होते. स्लिम नदीजवळच्या रस्त्यावर जपानी रणगाड्यांनी लॉऱ्यांची रांग कशी मोडली, ते सांगताना त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : "समोरून नाही बाबू, निंगून गेल्यावर मारलन त्यानं." रणगाडा लॉरीजवळून पुढे गेला, आता वाचलो म्हणून माणसे खंदकातून उठली, आणि त्याच्या पाठीतून गोळ्या आल्या.

नव्वदच्या दशकात मी एका पुरवणीत आबाजींवर लिहिले. त्यात हे वाक्य दिले आणि खाली शेरा मारला, की रणगाड्याची मशीनगन तोफेच्या शेजारी असते, तेव्हा ही वृद्धापकाळाची गफलत असावी. माझ्यासमोर चित्र होते ते अमेरिकन शर्मनचे. आबाजींनी लेख वाचून घेतला आणि त्यानंतर तो विषय माझ्याशी कधी काढला नाही.

पुढे काही वर्षांनी नगरचे रणगाडा संग्रहालय पाहिले. तिथे जपानी 'टाइप ९५ हा-गो' उभा आहे. पुढून पाहिला तर तो खेळण्यासारखा वाटतो : वजन साडेसात टनांच्या आत, जाडीत जाड चिलखत १२ मिलिमीटर, तोफ ३७ मिलिमीटरची. मी वळसा घालून मागे गेलो. बुरुजाच्या मागच्या अंगाला, जराशी उजवीकडे, मशीनगनची बैठक होती. मी तिथेच थांबलो.

हा एकाच गाडीचा विक्षिप्तपणा नव्हता. त्याआधीच्या 'टाइप ८९' वर आणि नंतरच्या 'टाइप ९७ ची-हा' वरही एक मशीनगन पुढे, खालच्या कायेत, आणि दुसरी बुरुजाच्या पाठीत, अशीच मांडणी आहे. (हे आकडे जपानी राजशकाचे आहेत. २५९५ म्हणजे आपले इसवी सन १९३५.) तोफेला जोडलेली मशीनगन या गाड्यांत नाही. त्यामुळे मागच्या मशीनगनचे उपयोग दोन : ओलांडून आलेल्या खंदकातल्या माणसांवर मारणे, किंवा तोफेचे काम नसेल तेव्हा बुरूज उलटा फिरवून तीच पुढे आणणे. चीनमध्ये रणगाडे नसलेल्या पायदळाशी लढताना ही मांडणी उपयोगाची होती. पण हा-गोच्या बुरुजात माणूस एकच. गाडीचा प्रमुखही तोच, तोफ भरणाराही तोच, डागणाराही तोच, आणि पाठीमागची मशीनगनही त्याचीच.

शस्त्राचा वंशही पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या गाड्यांवर ६.५ मिलिमीटरची 'टाइप ९१' असे. ती १९२२ च्या पायदळी मशीनगनवरून बेतलेली. तिला पट्टा नाही. बाजूच्या पेटीत रायफलच्या पाच-पाच गोळ्यांच्या क्लिपा रचायच्या. शेजारच्या शिपायाच्या पट्ट्यातल्या गोळ्या रणगाड्याला चालाव्यात, हा हिशेब. मात्र गोळ्यांना तेल लावावे लागे आणि तेलाला धूळ चिकटे. नंतर आली ७.७ मिलिमीटरची 'टाइप ९७'. ती चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या झेडबी-२६ वर आधारलेली. आपल्या पलटणींच्या हातातली ब्रेन हीदेखील ब्रनोचीच लेक. 'ब्रेन' मधला 'ब्र' तिथलाच. ब्रह्मदेशात दोन्ही बाजूंनी एकाच घराण्याच्या बंदुका धडधडत होत्या.

हे सारे सोडून आपले लेखन दोनपैकी एक निकाल देते. वीरकथेत जपानी रणगाडा राक्षस असतो. कोष्टके पाहून लिहिणाऱ्याला तो 'पत्र्याचा डबा' वाटतो. दुसऱ्या निकालाला आधार आहे. २० मार्च १९४४ रोजी तामूजवळ ली रणगाड्यांसमोर हा-गो टिकले नाहीत. पण तो निकाल मलायाला लावता येत नाही. तिथे आपल्या फौजेकडे रणगाडेच नव्हते. ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे जपानी रणगाडे अकराव्या हिंदी डिव्हिजनच्या फळीतून मुख्य रस्त्यानेच आत घुसले, तोफखाना आणि वाहने मोडत स्लिमच्या पुलापर्यंत गेले, आणि पूल शाबूत हाती लागला. चारच दिवसांनी क्वालालंपूर पडले. लॉरीखाली दडलेल्या माणसाला चिलखत १२ मिलिमीटरचे की ५० चे, याने काय फरक पडणार? त्याला फरक पडला तो मशीनगनचे तोंड कुठे होते याने.

आता माझ्या शेऱ्याविषयी. बुरुजाच्या पाठीतली ती बैठक आबाजींची सगळी हकिकत सिद्ध करत नाही. त्या रस्त्यावर त्या क्षणी काय घडले, याचा पुरावा संग्रहालयात नाही. तिने एवढेच दाखवले, की ज्या कारणासाठी मी त्यांना खोटे पाडले ते कारण चूक होते. त्यांनी पाहिले होते आणि मी वाचले होते, तेही दुसऱ्याच रणगाड्याबद्दल. छापील चित्राला मी पुरावा मानले आणि माणसाच्या बोलण्याला आठवण. आपल्या युद्धलेखनाची मुख्य उणीव मला हीच वाटते. आपण शिपायाच्या तोंडून रोमांच घेतो, माहिती मात्र घेत नाही.

नगरहून मी परतलो तेव्हा आबाजी हयात नव्हते. दुरुस्ती छापायला ती पुरवणीही उरली नव्हती. म्हणून ती इथे नोंदवतो : आबाजींचे वाक्य बरोबर असू शकते, माझा शेरा चूक होता. गावात अजून कोणाच्या घरी असा आजा असेल, तर त्याला पुढचे विचाराच, पण मागून काय आले तेही विचारा.