एका लाजेची आत्मकथा

दिवाळी अंकात मनोविकारावरील पुस्तकाची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. सणासुदीला घरातल्या काही गोष्टी बोलायच्या नसतात, हा आपला जुना शिरस्ता आहे. न बोलल्याने त्या गोष्टींचे आणि त्या माणसांचे काय होते, हाच मार्शा लिनेहन यांच्या ‘बिल्डिंग अ लाइफ वर्थ लिव्हिंग’ (२०२०) या आत्मकथनाचा खरा विषय आहे, असे मला वाटते.

लिनेहनबाईंनी अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधन करून बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरवर डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी ही उपचारपद्धती घडविली. या विकारात भावना चटकन पेटतात आणि लवकर शमत नाहीत. आपले माणूस आपल्याला सोडून जाईल ही धास्ती असते. कित्येकजण स्वतःलाच इजा करून घेतात. आणि या साऱ्याच्या तळाशी पुष्कळदा लाज असते.

लाज आणि अपराधाची टोचणी यांत भेद केला पाहिजे. ‘मी वाईट वागले’ म्हणणारीला क्षमा मागता येते. ‘मीच वाईट आहे’ म्हणणारीने क्षमा कशाची मागावी? ती तोंड लपवते, नाहीतर समोरच्यावर तुटून पडते. मग त्या वागण्याचीही लाज वाटते आणि रहाट पुन्हा फिरू लागतो. हा विकार उपजत हळवेपणा आणि भोवतालची अवहेलना यांच्या संयोगातून वाढतो, असे बाईंचे प्रतिपादन आहे. ‘एवढं काय झालं रडायला?’ हे वरचेवर ऐकणारे मूल पुढे स्वतःलाच तसे विचारू लागते. त्यासाठी आईबाप दुष्ट असावे लागत नाहीत.

बाईंना हे पुस्तकांतून कळलेले नव्हते. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये दाखल करण्यात आले. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तिथे होत्या. एकांतकोठडी झाली, विजेचे झटके झाले. पुढे त्या नामवंत झाल्या. पण ही हकीकत त्यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ साली, त्याच संस्थेत उभे राहून.

वाङ्मय म्हणून पाहता ग्रंथात उणिवा आहेत. उपचाराचे विवेचन आले की निवेदन थांबते आणि वर्ग सुरू होतो. मात्र तारुण्यातील पुष्कळशा आठवणीच पुसल्या गेल्याने जी पोकळी राहिली आहे, ती बाई कल्पनेने भरीत नाहीत. हा संयम मला मोलाचा वाटतो.

परंतु खरा पेच मौनाचा आहे. लाजेवर बाईंनी सांगितलेला उपाय ‘उलट कृती’चा. लाज म्हणते लप. तेव्हा, जे तुम्हाला झिडकारणार नाहीत त्यांच्यापुढे ती गोष्ट मोकळेपणे सांगावी. मग हे शिकविणारी स्त्री स्वतः इतकी वर्षे जगापुढे गप्प का राहिली? तिला ढोंगी ठरविणे सोपे आहे. पण त्या उपायाला एक अट आहे. आधी पाहायचे, की उघड झाल्यास लोक खरोखरच दूर लोटतील काय? लोटणार असतील, तर लपण्यात शहाणपण आहे. वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेल्या तरुण संशोधिकेचे म्हणणे त्या काळी कुणी ऐकले असते, असे मला वाटत नाही. तिचे मौन तिच्या भित्रेपणापेक्षा भोवतालच्या समाजाविषयी अधिक सांगते.

म्हणूनच हे पुस्तक रुग्णांइतकेच त्यांच्या घरच्यांनी वाचावे. लाज टाकून बोल, असे मुलीला सांगणे सोपे असते. ती बोलली तर ऐकणारे कोण आहे, एवढे मात्र घराला आधी ठरवावे लागते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी एखादी मुलगी आपल्याही घरात असेल. फराळाचे ताट तिला आत नेऊन द्यायचे, की तिच्यासाठी बाहेर पाट मांडायचा?