ऐकीव इंग्रजी

दिवाळी अंकातील टीकालेख म्हटला की तो एखाद्या पुस्तकावर किंवा नाटकावर असावयाचा, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. आज ज्या वस्तूविषयी लिहावयास बसलो आहे तिला मुखपृष्ठ नाही, पाने नाहीत आणि किंमतही नाही. ती नुसती ऐकावयाची. तिचे नाव पॉडकास्ट. २००४ साली एका इंग्लिश पत्रकाराने 'गार्डियन' पत्रात हा शब्द सुचविला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट या दोन शब्दांची ती सोयरीक आहे. रेडिओवरचा कार्यक्रम ठरल्या वेळी येतो आणि निघून जातो. हा तसा जात नाही. मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, सवडीने ऐकावा, कळले नाही तर मागे न्यावा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि ही चीज पेठापेठांतून पोहोचली.

आमच्या शुक्रवार पेठेत सकाळी दुकानाची शटरे वर जाताना पाहावे. झाडू मारणाऱ्या पोराच्या कानात इअरफोन असतो. सिनेमाची गाणी चालली असतील, अशी आपली समजूत. आणि बहुधा ती खरीही असते. परंतु काहींच्या कानात लंडनची दोन माणसे इंग्रजी शिकवीत बसलेली असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतून पहिलीलाच इंग्रजी आहे. म्हणजे हा पोरगा दहा वर्षे इंग्रजी शिकलेला. तरी मुलाखतीला गेल्यावर समोरच्या साहेबाचे पहिले वाक्यच त्याला उमगत नाही. उत्तराची गोष्ट पुढची. त्या एका वाक्यापायी नोकरी जाते, म्हणून हा खटाटोप.

ह्या कार्यक्रमांत पोरांच्या तोंडी सर्वांत अधिक नाव येते ते बी. बी. सी.च्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'चे. रेडिओवरून इंग्रजी शिकविण्याचा बी. बी. सी.चा धंदा १९४३ पासूनचा, तेव्हा हात मुरलेला आहे. घडण पाहावी. दोन निवेदक येतात, इकडच्या तिकडच्या गप्पा करतात आणि आरंभीच एक प्रश्न टाकून ठेवतात. त्याचे उत्तर शेवटी. मधे झोप, कॉफी, एकटेपणा असा एखादा विषय, त्यावर जाणत्या माणसाच्या बोलण्याचे एक-दोन तुकडे, सहा शब्दांचे अर्थ, आणि जाता जाता त्या सहा शब्दांची उजळणी. आपल्या कीर्तनकाराला यात नवे काही वाटणार नाही. पूर्वरंगात गाठ मारावी, आख्यान लावावे, श्रोता उठून जाणार नाही एवढी उत्कंठा शिल्लक ठेवावी, आणि मग गाठ सोडावी!

दोष दिसतो तो अभिनयाचा. एकाला सर्व ठाऊक, दुसऱ्याला काहीच ठाऊक नाही, हे सोंग शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या संवादासारखे लाकडी होते. त्यांचे हसूसुद्धा कागदावर लिहिलेले असावे, अशी शंका येते. मला त्यात गोडी वाटते ती त्या मधल्या तुकड्यांची. तिथे कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक आपल्या नादात भराभर बोलत असतो. अडखळतो, शब्द गिळतो, वाक्य अर्धे सोडतो. ते खरे इंग्रजी. निवेदकांचे इंग्रजी धुऊन इस्त्री केलेले आहे.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केले. सुमारे दीड हजार शब्द, आखूड वाक्ये, बोलण्याचा वेग नेहमीच्या दोनतृतीयांश. त्यांनी व्याकरण शिकविले नाही, बातम्या सांगितल्या. आणि मला तेच अधिक शहाणपणाचे वाटते. ज्याला जगात काय चालले आहे हे जाणावयाचे आहे, तो भाषा वाटेत वेचतो. २०१४ मध्ये त्याचे नाव 'लर्निंग इंग्लिश' झाले. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारच्या एका हुकुमाने व्हॉइस ऑफ अमेरिकेची बहुतेक माणसे घरी बसविली गेली. फुकट मिळणाऱ्या विद्येची दोरी कोणाच्या हातात असते, हे तेव्हा दिसले.

मराठी माणसाला या ऐकण्याचा उपयोग काय? पुष्कळ आहे. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. देवनागरीत जे लिहावे ते उच्चारावे, ही आपली सवय, आणि ती सवय आपण रोमन अक्षरांवर लादली. 'फोटोग्राफ'मध्ये एक अक्षर वाढवून आपण 'फोटोग्राफी' म्हणतो. इंग्रज म्हणतो 'फटॉग्रफी'. आघात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला आणि सगळे स्वर बदलले. 'कम्फर्टेबल' हा आपला चार पायांचा शब्द त्याच्या तोंडी 'कम्फ्टबल' होऊन तीन पायांवर उभा राहतो. आपला एकच 'व' त्यांच्या दोन निराळ्या अक्षरांना पुरतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी लिहावयास शिकविले. तिचे उपकार माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराने तरी विसरू नयेत. पण पाठमालेला आवाज नव्हता. हा आवाज पॉडकास्ट देतो, आणि शंभरदा मागितला तरी न कंटाळता देतो. चाळीस पोरांपुढे उभ्या असलेल्या मास्तराला एवढा धीर कोठून आणावयाचा?

तरीही माझे भांडण आहे, आणि ते सोलापूरकराचे भांडण आहे. भाषा कानाने कशी येते हे आम्हांला लंडनने सांगावे लागत नाही. ज्या सिद्धरामेश्वरांचे हे गाव, त्यांची वचने कन्नडात. पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू. मोहल्ल्यात दखनी. इथले पोर बाजारात 'एष्टु' ऐकते, 'एंत' ऐकते, दोन्हींचा अर्थ 'किती' हे त्याला कोणी शिकवीत नाही. परंतु नीट पाहा, ते नुसते ऐकत नाही. 'एष्टु' म्हटल्यावर समोरची बाई उत्तरासाठी थांबलेली असते. चुकीचा आकडा सांगितला तर ती हसते, किंवा डाफरते, आणि पोर दुरुस्त होते.

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत ते होते. त्यांना चिनी भाषा येऊ लागली ती जखमी सैनिकांच्या उशाशी. कोठे दुखते हे विचारावयाचे, आणि आलेले उत्तर समजले नाही तर माणूस दगावेल अशी वेळ. पुढे ते त्या भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवीत. १९४२ च्या डिसेंबरात त्यांनी तिकडेच देह ठेवला. बोलण्यावाचून गत्यंतर नसणे, ही त्यांची पाठमाला होती.

शास्त्रज्ञांनीही ही गोष्ट तपासली आहे. पॅट्रिशिया कूल या विदुषीने २००३ मध्ये अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा बैठकांत खेळली. काहींना तेच बोलणे पडद्यावर दाखविले किंवा नुसते ऐकविले. पहिल्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता येऊ लागला. दुसऱ्यांना काहीच लाभ झाला नाही. शटर उघडणारा पोरगा तान्हे बाळ नव्हे, त्याला नुसत्या ऐकण्यानेही काही लाभते, हे मान्य. पण ह्या कार्यक्रमांत निवेदक प्रश्न विचारतो आणि आपला सोबतीच त्याचे उत्तर देऊन टाकतो. श्रोत्यासाठी जागा ठेवलेलीच नाही. वर्षभर असे ऐकून मुलाला कळू लागते; तोंड मात्र मिटलेले राहते. 'सहा मिनिटांत इंग्रजी' ह्या नावाला भुलून एखाद्या बापाने शिकवणी बंद करावी किंवा एखाद्या शाळेने वर्गात मोबाइल लावून मास्तराला दुसऱ्या कामाला जुंपावे, याची मला धास्ती वाटते. ज्यांच्या घरी इंग्रजीत उत्तर देणारे कोणी नाही, त्यांच्याच मुलांचे त्यात नुकसान होईल.

आमच्या पेठेतील दोन बहिणींनी यावर स्वतःच तोड काढली आहे. इअरफोन एकच, एक बोंडूक हिच्या कानात, एक तिच्या. निवेदकाने प्रश्न टाकला की धाकटी यंत्र थांबविते. थोरलीने इंग्रजीत, कारणासह, उत्तर दिल्याखेरीज पुढे जावयाचे नाही, आणि ते धाकटीला पटलेही पाहिजे. पटत नाही. मग इंग्रजीत भांडण जुंपते. शब्द संपले की थोडे मराठीत होते, पुन्हा इंग्रजीत येते. परवा विषय झोपेचा होता. सहा मिनिटांच्या त्या कार्यक्रमाला पाऊण तास लागला, आणि आईने स्वयंपाकघरातून दोनदा हाका मारल्या तरी निवेदकाचे उत्तर ऐकावयाचे राहूनच गेले.